कोल्हापूर सोडायला ४१ दिवस राहिलेत. काय काय करून घ्यावं?

ओतारी | १८ जानेवारी, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचतो, पण आज लिहावंसं वाटलं.

२८ फेब्रुवारीला कोल्हापूर सोडतोय. नवी नोकरी कोइमतूरला, तीही फाउंड्रीतच. मी मूळचा लातूरकडचा. अकरा वर्षांपूर्वी शिरोली एमआयडीसीत लागलो तेव्हा 'दोन वर्षं अनुभव घ्यायचा आणि पुण्याला निघायचं' असं ठरवून आलो होतो. मधे लग्न झालं, मुलगी झाली, मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड मुकाट्याने खायची सवय झाली आणि पुणं राहून गेलं.

आता निघायचं ठरल्यावर लक्षात आलं की इतक्या वर्षांत गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं निरसं दूध मी मोजून तीन वेळा प्यायलोय. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच फक्त दोनदा. केशवराव भोसले नाट्यगृहात 'पुढच्या वेळी नक्की' म्हणत राहिलो आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं. म्हणून यादी केली. २७ गोष्टी झाल्या. फडतरे, चोरगे आणि बावडा मिसळ एकाच आठवड्यात खाऊन एकदाचा निकाल लावणे, पहाटे रंकाळ्याला पूर्ण फेरी, खासबागेजवळची भेळ, गुऱ्हाळावर गरम काकवी, धुक्यातला पन्हाळा, वगैरे. शिवाय माझे जुने तीन रूम-पार्टनर आता इचलकरंजी, कागल आणि गारगोटीला पांगलेत, त्यांना एकत्र आणणे. आणि कामावरचं एक: आमचे भट्टीवाले मामा निळ्या काचेतून नुसतं बघून मेटलचं तापमान सांगतात, ते शिकून घेणे.

यादी बघून बायको म्हणाली, "शहर सोडतोयस की परीक्षेला बसतोयस?"

तर प्रश्न असा. तुम्ही एखादं शहर सोडलंत तेव्हा शेवटचे दिवस कसे काढलेत? यादीचा उपयोग होतो, की रोजचं रोज जगत राहावं आणि एका सकाळी गाडीत बसावं?

---

कृष्णाकाठ | १८ जानेवारी, रात्री ११:३४

आधी मिसळ कुठली ते ठरवा. बाकीची २६ आपोआप होतील.

---

तिकटी | १९ जानेवारी, सकाळी ७:०५

मी हितंच जन्मलो, हितंच वाढलो, आणि पन्हाळ्याला धुकं बघायला जानेवारीत जायचं म्हणताय व्हय? पावसाळ्यात जायचं असतंय ते. आता गेलासा तर निव्वळ ऊन आणि सहली. ते खोडा यादीतनं.

दूध कट्ट्यावर मात्र जावाच. संध्याकाळी जावा, समोर धार काढून ग्लासात देत्यात. फेसासकट प्यायचं. आणि पोरीला घिऊन जावा, तिला दूध पिशवीतनं येतंय असंच वाटत असणार.

---

निवांत_बुधवार | १९ जानेवारी, सकाळी ९:४०

तिकटी, 'जन्मलो, वाढलो'? मागच्या धाग्यात तुम्ही डोहाळजेवणाबद्दल लिहिलं होतंत. हा आयडी दादांचा की ताईंचा?

---

तिकटी | १९ जानेवारी, सकाळी ९:५२

ताईंचा. कोल्हापुरात बायका बी येतो-जातोच म्हणत्यात. व्याकरण तुमच्या पुण्यातच राहू दे.

---

निवांत_बुधवार | १९ जानेवारी, सकाळी ९:५५

दंडवत घ्या. :)

---

बदलीबहाद्दर | १९ जानेवारी, दुपारी १२:१५

बँकेत ३४ वर्षं, ११ बदल्या. तेव्हा या विषयात माझा थोडा अधिकार असावा.

पहिल्या बदलीला, चिपळूणहून निघताना, मीही यादी केली होती. महिनाभरात बारा घरी जेवलो. प्रत्येकाने 'साहेब चालले' म्हणून श्रीखंड-पुरी केली. एका घरी चुकून पिठलं-भाकरी मिळाली, तर त्या वहिनी संकोचाने अर्ध्या झाल्या, आणि आज चिपळूणचं म्हणून आठवतं ते तेवढंच जेवण. शेवटच्या आठवड्यात पोट बिघडलं आणि निरोप समारंभात मी ताक पीत बसलो होतो.

अनुभवाचे बोल म्हणून सांगतो, ४१ दिवस आहेत असं समजू नका. शेवटचे दहा हिशेबातून काढा. गॅसचं कनेक्शन, मुलीचा शाळेचा दाखला, घरमालकाकडून डिपॉझिट, टेम्पोवाल्याशी घासाघीस, यात ते जातात. त्याआधीच्या दहांत तुम्ही कामावर हवाली-सुपूर्द करत बसाल. म्हणजे हाती राहिले एकवीस.

दुसरं असं की लोकांना मुद्दाम 'भेटायला' गेलात की दोघेही अवघडून बसता. परभणीहून निघताना आमचा शिपाई म्हणाला, साहेब, रविवारी शेतात हरभरा काढायचाय, येता का? गेलो. दिवसभर उपटला. पाठ चार दिवस दुखत होती. निरोपाचं आमच्यात एक अक्षरही झालं नाही, पण इतक्या वर्षांनी त्याचाच फोन अजून येतो. शाली नऊ मिळाल्या. त्या देणाऱ्यांपैकी कोणाचा येत नाही.

---

कृष्णाकाठ | १९ जानेवारी, दुपारी १२:४०

नऊच शाली? बदल्या तर अकरा.

---

बदलीबहाद्दर | १९ जानेवारी, दुपारी १:०२

दोन ठिकाणी माझ्या जाण्याचा आनंद जास्त होता.

---

गोदाकाठचा_गडी | १९ जानेवारी, दुपारी ३:३०

अवांतर: मिसळीसाठी एवढं हळहळायचं कारण नाही. नाशिकला या. पावाबरोबर खा. ब्रेडच्या स्लाइसने मिसळ खाणं म्हणजे छत्री घेऊन पोहायला जाणं.

---

रांगडा_गडी | १९ जानेवारी, दुपारी ३:४१

भावा, स्लाइस कटात बुडवली की विरघळते, त्यासाठीच असते ती. पाव नुसता फुगतो. आणि तुमच्याकडं मिसळीबरोबर पापड देतात. मिसळीत पापड! लग्नाची पंगत आहे का?

---

निवांत_बुधवार | १९ जानेवारी, दुपारी ३:५०

धागा गेला. तरी आठ प्रतिसाद टिकला.

---

हळदीचं_पान | १९ जानेवारी, रात्री ९:१०

मिसळीतून डोकं वर काढून जरा विचारते. ओतारी, तुमच्या २७ गोष्टी मी दोनदा वाचल्या. त्यात तुमच्या बायकोची एक तरी आहे का? मुलीची?

नोकरी तुम्हाला मिळाली. तुम्ही गेलात की पहिल्या दिवसापासून तुमच्याभोवती माणसं असतील, तीच भट्टी, तीच कामाची भाषा थोडी वेगळ्या उच्चारात. त्या जाणार आहेत ते फ्लॅटच्या चार भिंतींत. मी नवऱ्याच्या नोकरीपायी बडोदा सोडलं तेव्हा त्याचे मित्र महिनाभर पार्ट्या करत होते आणि मी वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होते. माझी भिशी होती आठ जणींची. शेवटची भिशी माझ्याच घरी ठरलेली, पण घरात कपच नव्हते, सगळे खोक्यात. शेवटी रद्द केली. बारा वर्षं झाली, अजून टोचतं.

रागावून लिहीत नाहीये. पण टेबलाच्या या बाजूनेही बघा.

---

तिकटी | १९ जानेवारी, रात्री ९:१८

+१. शंभर टक्के.

---

ओतारी | २० जानेवारी, सकाळी ६:३०

हळदीचं पान, रात्री तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, उठून दूध तापवायला गेली. मग आतून म्हणाली, "मला किरणोत्सव बघायचाय."

नऊ वर्षं ती इथे आहे. अंबाबाईचा किरणोत्सव वर्षातून दोनदा असतो, नोव्हेंबरात आणि ३१ जानेवारीपासून. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी देवीच्या पायांपर्यंत येतात, मग कमरेपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. दर वेळी गर्दीचं कारण सांगून मीच टाळलंय.

मुलीला विचारलं तर म्हणाली, शाळेच्या रिक्षावाल्या काकांच्या शेजारी पुढं बसायचं. एवढंच.

माझ्या यादीतून पन्हाळा आणि आणखी सहा गोष्टी कटाप.

---

शिये_फाटा | २० जानेवारी, सकाळी १०:२२

कोल्हापूर सोडण्याचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका.

ऑगस्ट २०१९. सामान बांधून झालं होतं. ४ तारखेला शेजारपाजार, तालमीतले, सगळ्यांचा निरोप घेतला. डोळे ओले वगैरे सगळं रीतसर झालं. निघायचं ६ तारखेला. पंचगंगा चढत गेली आणि शिरोलीजवळ महामार्गच पाण्यात. पुढं जवळजवळ आठवडाभर कोल्हापुरातून बाहेर पडायची सोय नाही. दूध नाही, पेट्रोल नाही, आमचा गॅस तर परत करून झालेला.

ज्यांच्या गळ्यात पडून रडलो होतो त्यांच्याकडंच दोन्ही वेळा ताट घेऊन जायचं. पहिल्या दिवशी शेजारच्या काकूंनी "आलासा? या" म्हणून वाढलं. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "तुमी गेल्यालं आमी धरलंच हुतं, आता ह्यो तांदूळ तरी निवडा." रोज सकाळी आम्ही दोघं-तिघं नावेतून पाण्याच्या बाटल्या पोचवायला जायचो. अकरा वर्षांत जेवढी माणसं ओळखली नव्हती तेवढी त्या आठवड्यात ओळखली.

पाणी ओसरलं आणि एका पहाटे गुपचूप निघालो. दुसऱ्यांदा निरोप घ्यायचं धाडस नव्हतं. लोकांनीही हात जोडले असते.

---

रांगडा_गडी | २० जानेवारी, सकाळी १०:४०

"तांदूळ तरी निवडा" :) :) हसून हसून पुरेवाट.

---

विट्याचा_सोनेरी | २० जानेवारी, दुपारी २:०५

कोइमतूर वाचून आत आलो. ओतारी, बिनधास्त या. आम्ही मूळचे विट्याकडचे, गलाईचा धंदा. सोनं-चांदी गाळायची भट्टी, तुमची लोखंडाची. खानापूर, आटपाडी, तासगावकडची गलाईवाली घरं देशभर आहेत, कोइमतुरात दागिन्यांचं काम मोठं म्हणून इथेही बरीच. गणपती बसतो, हळदीकुंकू होतं. वहिनींना सांगा, चार भिंती वगैरे काही नाही.

गावाबद्दल थोडं. पालघाटच्या खिंडीतून वारा येतो, त्यामुळे तमिळनाडू म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तसा उकाडा नाही. सिरुवाणीचं पाणी गोड, लोक त्याचा अभिमान बाळगून असतात. फाउंड्री आणि पंपांचं गाव, म्हणजे बोलायला विषय तुमचेच. चहापेक्षा फिल्टर कॉफी. तिखट मिळतं, पण आपलं तिखट नाही. कांदा-लसूण चटणी आणा, ती कुठेच मिळत नाही. किती आणायची ते नंतर सांगतो, आधी विचारून घेतो घरात.

---

तिकटी | २० जानेवारी, दुपारी २:३०

चटणीचा खरा हंगाम मार्च-एप्रिल. पण नवी संकेश्वरी मिरची बाजारात याय लागलीया. संकेश्वरी आणि ब्याडगी निम्मी-निम्मी घ्या, रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी. मिक्सरवर करू नका. आमच्या गल्लीत डंक हाय, कांडून देतो. किती किलो सांगा.

---

विट्याचा_सोनेरी | २० जानेवारी, रात्री ८:५०

घरात विचारलं. "जेवढी आणतील तेवढी" असं उत्तर आलं.

---

साधासुधा | २१ जानेवारी, सकाळी ११:००

मला हा सगळा प्रकारच जरा अति वाटतो. कोइमतूर म्हणजे मंगळ नव्हे. विमान आहे, फोन आहे. दिवाळीला याल की. माणूस गावाला चाललाय आणि इथे दहाव्याची तयारी चाललीय. हलके घ्या.

---

बदलीबहाद्दर | २१ जानेवारी, सकाळी ११:२५

साधासुधा, 'दिवाळीला येऊ' असं मी अकरा गावांत सांगितलं. परत गेलो ती दोनच. त्यातल्या एका ठिकाणी मी ज्या खानावळीत सात वर्षं जेवलो तिच्या जागी मोबाइलचं दुकान होतं. मालकाने मला ओळखलं, पण गिऱ्हाईक होतं म्हणून बोलता आलं नाही त्याला.

---

शिये_फाटा | २१ जानेवारी, दुपारी १:१५

ओतारी, फुकटचा सल्ला. टपरीवरची उधारी फेडू नका. दोन-चारशे रुपये वहीवर राहू द्यात. कोणीतरी आपली आठवण काढत राहतं, निदान महिन्याच्या एक तारखेला.

---

निवांत_बुधवार | २१ जानेवारी, दुपारी १:२०

या न्यायाने माझी आठवण चार शहरांत निघते.

---

ओतारी | ३ फेब्रुवारी, रात्री १०:४५

मधे लिहायला जमलं नाही. थोडक्यात हालहवाल.

किरणोत्सवाला तिघंही गेलो. दुपारी तीनपासून उभे. आत शिरणं शक्यच नव्हतं, आवारातल्या पडद्यावर बघितलं. मुलगी माझ्या खांद्यावर. मी 'पडद्यावर तर घरी टीव्हीवरही दिसलं असतं' असं म्हणणार होतो, पण बायकोकडे बघितलं आणि गप्प बसलो. नंतर तिला विचारलं, समाधान झालं का. म्हणाली, "पाय दुखले. उद्या परत जाऊया." परत गेलो.

तिची भिशीही तारीख पुढे ओढून आमच्याकडे झाली. कप खोक्यात भरायचे नाहीत असा हुकूम निघालाय.

मिसळीचा निकाल लागला नाही. तिसऱ्या दिवशी जळजळ सुरू झाली. गुऱ्हाळावर मात्र गेलो, पोरीने गरम काकवीने बोटं भाजून घेतली आणि तरी चाटत राहिली.

जुने रूम-पार्टनर एकत्र आले. खरं सांगू? पहिला तासभर बोलायला काही सुचेना. एक जण गृहकर्जावर बोलत होता, दुसरा फोनवर. मग कोणीतरी २०१५ सालच्या घरमालकाचा विषय काढला, तो रात्री नऊला पाण्याची मोटर बंद करायचा. तिथून पहाटे दोनपर्यंत तोच विषय. पांढरा रस्सा दोनदा गरम केला.

---

हळदीचं_पान | ३ फेब्रुवारी, रात्री ११:०२

कपांसाठी धन्यवाद. वहिनींना सांगा, बडोद्याच्या एकीने म्हटलंय.

---

रांगडा_गडी | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

आणि भट्टीचं काय झालं? निळ्या काचेचं?

---

ओतारी | २४ फेब्रुवारी, रात्री ११:५०

रांगडा गडी, त्याचाच वृत्तान्त द्यायला बसलोय.

मामांना म्हटलं, मला शिकवा. ते म्हणाले, "अकरा वर्षं कॉम्प्युटर बघितलासा, आता महिन्यात भट्टी बघणार व्हय?" तरी रोज दुसऱ्या पाळीच्या पहिल्या हीटला (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या मेटलला हीट म्हणतात) उभा राहायला लागलो. ते काच हातात द्यायचे, मी आकडा सांगायचो, मग तापमान मोजणारा पायरोमीटर बुडवायचा. पहिल्या आठवड्यात माझी चूक ६०-७० अंशांची. मामा कधी दहाच्या बाहेर नाहीत. मी विचारायचो, नेमकं काय बघता? रंग, कडेची हालचाल, मेटलवर येणारी साय, असं काहीबाही सांगायचे आणि मधेच म्हणायचे, "बोलू नका, बघा."

शेवटच्या हीटला मी १४१० म्हणालो. पायरोमीटरने १३८५ दाखवलं. मामा म्हणाले, "कोइमतूरला थर्मोकपल चांगला घ्या."

काल सोमवार, एमआयडीसीची सुट्टी. टोपला त्यांच्या घरी जेवायला बोलावलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच गेलो, याची लाज वाटली. शिरोलीपासून टोप किती लांब? तांबडा स्वतः मामांनी केला होता, मटण शिजल्यावरचं अळणी पाणी आधी पोरीला वाटीत काढून दिलं. आम्ही तिघं जेवायला बसलो आणि मामा शाबूची खिचडी घेऊन बसले. सोमवारचा उपवास! सुट्टी सोमवारची म्हणून बोलावणं सोमवारचं, आणि उपवासही सोमवारचाच. मीठ बरोबर आहे का, हे आम्हालाच विचारत होते. जरा कमी होतं. आम्ही काही बोललो नाही, मामींनी मात्र एक चमचा चाखून थेट सांगितलं.

२७ पैकी ११ झाल्या. फुटबॉल राहिला, मॅच होती तेव्हा टेम्पोवाला आला होता.

---

बदलीबहाद्दर | २५ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

अकरा खूप झाल्या. मटणाच्या घरचा फोन नंबर लिहून ठेवा, फोनमध्ये नव्हे, कागदावर.

---

शिये_फाटा | २५ फेब्रुवारी, सकाळी ९:००

आणि टपरीची उधारी?

---

ओतारी | ५ मार्च, रात्री ९:१५

कोइमतुरातून पहिला प्रतिसाद.

शिये फाटा, तुमचं ऐकलं. मुद्दाम फेडली नाही. २८ तारखेला टेम्पो भरत होतो, तर टपरीवाला वही घेऊन थेट घरी. "साहेब, ३४० झाले. आणि जानेवारीतलं आम्लेट लिहायचं राहिलं हुतं, ते धरून ३८०." दिले. वही मिटवून तो अर्धा तास थांबला, गाद्या चढवायला हात दिला, निघताना मुलीच्या हातात बिस्किटाचा पुडा ठेवला. तो वहीत लिहिला का, माहीत नाही.

रविवारी विट्याच्या सोनेरींकडे जेवायला बोलावलंय. येताना चटणी आणा म्हणालेत. तिकटीताईंनी कांडून दिलेल्या दोन किलोतली पाऊण किलो तिथेच जाईल असं दिसतंय. ताई, एप्रिलमध्ये पुन्हा कांडणार आहात का?

---

तिकटी | ५ मार्च, रात्री ९:२२

कांडतो की.